काशीगाव ते चौक, दोन चषकांसह

आमच्या सोसायटीतील बहुतेक मंडळींनी सिंगापूर पाहिले आहे, काहींनी तर दोनदा. उत्तन मात्र कोणीही पाहिलेले नाही. वास्तविक ते आमच्याच मीरा-भाईंदर महानगरपालिकेत मोडते. गेल्या महिन्यात मी काशीगावापासून उत्तनपुढच्या चौक गावापर्यंत जाऊन आले, हे लिफ्टमध्ये नाडकर्णी वहिनींना सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "तिकडे वास येतो ना हो?" येतो. त्याविषयीही लिहिणार आहे. प्रवासवर्णन लिहिण्याची ही माझी पहिलीच खेप असल्यामुळे चुका होतील. पण ज्यांनी ही ठिकाणे पाहिलेलीच नाहीत त्यांना त्या सापडणार नाहीत, हा दिलासा आहे.

प्रथम प्रवासाचे कारण. आमच्या शहराचा एक व्यावसायिक बास्केटबॉल संघ आहे, 'खाडीवीर' नावाचा. ही गोष्ट शहरालाही फारशी ठाऊक नाही. या संघाने सलग दोन वर्षे लीगचे विजेतेपद मिळवले आणि तिथून त्याची अधोगती सुरू झाली. पहिल्या विजेतेपदानंतर आमचे खेळाडू सराव करत. दुसऱ्यानंतर ते उद्घाटने करू लागले. मिठाईचे दुकान, दंतवैद्याचा दवाखाना, एका पार्किंगचा दुसरा मजला. यंदाच्या तिसऱ्या हंगामात ते हरत आले तेही चेहऱ्यावर फीत कापतानाचे हसू ठेवूनच.

माझा या खेळाशी संबंध साठाव्या वर्षी आला. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले, आणि इमारतीमागच्या क्रीडागृहातील शिट्ट्यांचा त्रास होतो म्हणून तक्रारीचा अर्ज घेऊन तिथे गेले. प्रशिक्षक सावंत सर समोर आले आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी खुर्ची दिली, मी बसले, आणि तीन तासांनी खेळाचे निम्मे नियम शिकून घरी परतले. पुढे रीतसर परीक्षा देऊन गुणलेखनाचे काम शिकले. संघाच्या नोंदी ठेवायच्या आणि सामन्यापूर्वी बारा खेळाडूंच्या नावांची यादी भरून द्यायची, एवढेच माझे काम. त्यात बोलावे लागत नाही, म्हणून ते मला जमते.

या यादीवर प्रशिक्षकाची सही लागते. सावंत सर मूळचे रत्नागिरीचे. कागद दिसला की त्यांचे डोके दुखते. त्यामुळे हंगामाच्या आरंभीच ते कोऱ्या याद्यांच्या गठ्ठ्यावर एकदम सह्या करतात आणि तो माझ्या हवाली करतात. हे नियमात बसत नाही, असे त्यांना सांगण्याचे मी पहिल्याच वर्षी ठरवले होते. अजून सांगायचे आहे.

तर लीगचा एकच सामना उरला होता. घरच्या मैदानावरचा. जिंकलो तर शेवटच्या चारांत जाणार होतो. हरलो तर हंगाम तिथेच संपणार होता. अशा वेळी कोणताही संघ सराव करील. आमचे मालक, ज्यांना सगळे नुसते शेठजी म्हणतात, बांधकाम व्यावसायिक आहेत. संघ हरतो तो जनतेचा आशीर्वाद आटल्यामुळे, असे त्यांचे निदान झाले, आणि त्यांनी सामन्यापूर्वीच्या तीन दिवसांची नगरयात्रा जाहीर केली.

पहिला दिवस: काशीगाव

यात्रेसाठी वरून उघडी अशी दुमजली बस मागवली होती. वरच्या मजल्यावर मखमल लावलेले तीन चौथरे. दोहोंवर दोन वर्षांचे चषक, आणि तिसरा रिकामा, पण त्यावरही दिवे सोडलेले. जो चषक मिळण्याची शक्यता दिवसेंदिवस कमी होत आहे त्याची जागा राखून ठेवण्यात शेठजींची दूरदृष्टी असेल. मला ती जागा बुकिंग घेतलेल्या आणि न बांधलेल्या इमारतीसारखी वाटली.

महामार्ग सोडून बस काशीगावात शिरली, तेव्हा कोणीही विचारात न घेतलेली एक गोष्ट ध्यानात आली. गल्लीवरून विजेच्या आणि केबलच्या तारा गेल्या होत्या, आणि आमचे खेळाडू साडेसहा फूट उंच होते. पहिली तार हरमनच्या कानाला घासून गेली. हरमन हा आमचा पंजाबी सेंटर, संघातील सर्वांत उंच. त्यानंतर सर्वांना बसून राहण्याचा हुकूम झाला. ज्यांची उंची दाखवण्यासाठी बस आणली, त्यांची केवळ डोकी कठड्यावर भोपळ्यांसारखी मांडलेली गावाने पाहिली.

ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या एका बाईंनी वर पाहून विचारले, "कबड्डीवाले काय रे तुम्ही?"

"बास्केटबॉल, आंटी," हरमन वरून म्हणाला.

"मग उभे का न्हाय राहत? आजारी हाय का?"

सत्कार झाला. शाली, नारळ, भाषणे. भाषण करणाऱ्या तिघांनीही खेळाचे नाव एकदाही घेतले नाही. 'क्रीडा क्षेत्र' एवढ्यावर त्यांचे काम भागले. दुपारी मात्र त्या तांदूळ निवडणाऱ्या बाईंच्याच घरी जेवण होते. तांदळाची मऊ भाकरी, वालाचे बिरडे, वर कच्चा कांदा. आमच्या इमारतीत पाहुण्याला "चहा घेणार का?" असे विचारण्याची एक पद्धत आहे, तीतला 'का' असा लांबवतात की पाहुणा आपण होऊन नको म्हणतो. इथे कोणी विचारलेच नाही. चौथी भाकरी ताटात पडल्यावर हरमनने हात जोडले, तर बाई म्हणाल्या, "एवढा लांब हायस, पोचायला येळ लागंल. जेव."

जेवणानंतर ओट्यावर मेल्विन माझ्या शेजारी येऊन बसला. तो आमचा कर्णधार, उत्तनचा, मच्छीमार घरातला. वय छत्तीस, उजव्या गुडघ्याला कायमची पट्टी. दोन्ही विजेतेपदे त्याच्या हातांनी आली, हे माझ्या वह्यांत आकड्यांनिशी लिहिलेले आहे. संघात उद्घाटनांना न जाणारा तेवढा एकच.

"बाई," तो म्हणाला, "हा माझा शेवटचा सीझन. सरांना सांगून ठेवलंय. तेरवाचा जिंकलो तर पुढे अजून खेळतोय, हरलो तर तोच शेवटचा."

"शेठजींना सांगितलंत?"

"संपल्यावर सांगणार. कोर्टवरनं बाहेर येईन आणि सांगेन, बस झालं. आधी सांगितलं तर फंक्शन करतील."

मी मान डोलावली. तो भाकऱ्यांची परात उचलून आत गेला.

दुसरा दिवस: मीरा रोड आणि भाईंदर

या दिवसाच्या रस्त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. हे आमचेच रस्ते, आणि त्यांवर आमचीच मंडळी. त्यांनी गॅलरीतून बस पाहिली, व्हिडिओ काढला आणि वाहतूक अडल्याबद्दल सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार केली. कोण जिंकले, कोण हरले, हे कोणी विचारले नाही.

सायंकाळी भाईंदरच्या एका सभागृहात मुख्य समारंभ होता. तिथे जे घडले ते जगात दुसरीकडे कुठे घडले असेल असे मला वाटत नाही.

शेठजी उन्हाळ्यात अमेरिकेला गेले होते. तिथल्या एका क्रीडागृहात छताला टांगलेल्या जर्सी त्यांनी पाहिल्या. थोर खेळाडूचा क्रमांक असा टांगतात आणि पुढे तो कोणालाही देत नाहीत, एवढे त्यांना कोणीतरी सांगितले. खेळाडूने खेळ सोडल्यानंतर टांगतात, हे सांगायचे राहिले असावे, किंवा ऐकायचे.

पडदा सरकला. सोनेरी चौकटीत, काचेमागे, मेल्विनची सात नंबरची पांढरी जर्सी. चौकटीला झेंडूचा घसघशीत हार. पुढे समई आणि उदबत्त्या. आणि बाजूला, हात कुठे ठेवावेत हे न कळलेला, स्वतः मेल्विन.

"अमेरिकामध्ये मोठ्या प्लेयरला असा मान देतात," शेठजी माइकवर म्हणाले. "आपण काय कमी हाय? आजपासून सात नंबर अमर झाला. सात नंबर आता कोर्टवर उतरणार नाही."

निवेदिकेने सर्वांना उभे राहण्याची विनंती केली. टाळ्यांसाठी केली असणार. परंतु हार घातलेली चौकट, समई आणि उदबत्तीचा वास एकत्र आल्यावर आपल्याकडची माणसे जे करतात तेच त्यांनी केले: सगळे सभागृह माना खाली घालून स्तब्ध उभे राहिले. माझ्या पुढच्या रांगेतील एका गृहस्थांनी चपला काढल्या. दोन मिनिटांनी कोणीतरी घसा साफ केला आणि सगळे खाली बसले.

अमेरिकेतील प्रथा काय आहे, हे मला ठाऊक होते. सावंत सरांना ठाऊक होते. हरमनला तर नक्कीच ठाऊक होते. शेठजींना ते सांगण्याचे काम प्रत्येकाने मनातल्या मनात दुसऱ्यावर सोपवले, आणि सगळे अल्पोपाहाराकडे वळले.

वड्याच्या ताटलीशी मी सावंत सरांना गाठले. "आता सामन्याचं काय?"

"काय म्हणजे काय? सात नंबर बाहेर."

"मेल्विन बाहेर, असं शेठजी म्हणाले?"

"बाई, सात नंबर म्हणजे मेल्विनच की. बाकावर बसून आशीर्वाद देईल."

"तुम्ही सांगा ना त्यांना, तो अजून खेळतोय म्हणून."

"मी?" सरांनी वडा ताटलीत ठेवला. "मी त्यांच्याच फ्लॅटमध्ये राहतो, बाई."

तिसरा दिवस: उत्तन, चौक

भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा करत रस्ता मिठागरांच्या कडेने जातो. फेब्रुवारीतली सकाळ होती. पाणी आटलेल्या चौकोनांत मीठ दिसू लागले होते आणि त्यापलीकडे, फार दूर, आमच्या इमारती उभ्या होत्या. इथून त्या बऱ्या दिसतात.

उत्तनच्या पहिल्याच वळणावर बस अडली. पुढे रस्ता तिच्या मापाचा नव्हता. दोन्ही चषक घेऊन सगळे पायी निघाले. रिकामा चौथरा बसमध्येच ठेवावा, असे प्रथमच कोणालातरी सुचले.

आता वासाविषयी. उत्तनला किनाऱ्यावर बांबूंच्या उंच मांडवांवर बोंबील वाळत घालतात. जबड्यात जबडा अडकवून, रांगांच्या रांगा. वारा त्यांतून येतो. पहिली दहा मिनिटे तो वास नाकात असतो, त्यानंतर पोटात, आणि मग जेवायला किती वेळ आहे असे आपण विचारू लागतो. शेठजींनी अत्तराचा रुमाल नाकाला लावला तो शेवटपर्यंत काढला नाही. त्या अवस्थेत त्यांनी तीन ठिकाणी हात हलवून अभिवादन स्वीकारले.

मेल्विनची आई, गावात तिला फिलूमाय म्हणतात, घरापुढच्या अंगणात सुकी मासळी निवडत बसली होती. लहानखुरी, काटक बाई. तिने मुलाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले.

"ये. जिता हायस ना?"

"आय, नको ना आता," मेल्विन म्हणाला.

"नको काय? काल मोबाइलवर तुजा हार पाहून दोगी रडत आल्या. एक तर मेणबत्ती घेऊन आली. मी बोलले, थांबा, पोरगा उद्या जेवायला येतो, त्याला इचारते."

हरमन हसला आणि लगेच समुद्राकडे पाहू लागला.

शेठजी पुढे झाले. रुमाल नाकाशीच होता, त्यामुळे आवाज थोडा गुदमरलेला आला. "माताजी, ये तो सन्मान है. बडे लोगों का होता है."

"मोट्या लोकांचा व्हतो?"

"हां, हां."

"मग तुमच्या फोटूला घाला हार. दिवा लावायला मी येते."

शेठजींनी घड्याळ पाहिले आणि चौकला स्वागताची वेळ झाली असे सांगून ते बसकडे निघून गेले. ते शाकाहारी असल्यामुळे जेवणाचा प्रश्न त्यांच्यापुरता नव्हताच. आम्ही मात्र राहिलो. सुक्या बोंबलांचे कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, कैरीचे तुकडे. इतकी वर्षे घरापासून इतक्या जवळ हे शिजत होते आणि मी दोन वेळच्या डब्याची पोळी-भाजी खात आले, याचा मला राग आला.

हात धुताना फिलूमायने मला किनाऱ्यावरची एक होडी दाखवली. रंग उडालेली, कडेला नव्या फळीचे ठिगळ. "ती बग. माज्या दिराची. नंबर दिसतो ना तिच्यावर? ती पाण्यात जाते तवर तो नंबर कोन पुसत न्हाय. ज्या दिवशी मोडायला काढतील, त्या दिवशी पुसतील. ते बी आमी, सरकार न्हाय." मग पदराला हात पुसत तिने विचारले, "उद्या खेळतोय का तो?"

"यादी उद्या होते," मी म्हणाले.

"कोन करतो यादी?"

"सावंत सर सही करतात."

हे वाक्य सत्य होते. तर्कशास्त्र शिकवणाऱ्यांना असली सत्ये फार चटकन सुचतात. फिलूमायने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि ती परत मासळीकडे वळली.

चौकच्या धक्क्यावर स्वागत झाले ते सात-आठ माणसांकडून; बाकीचे जाळी सोडवत होते आणि त्यांनी ती सोडली नाहीत. मला ही यात्रेतली सर्वांत समंजस मंडळी वाटली. मेल्विन धक्क्याच्या टोकाला बसून गुडघा दाबत होता. मी जवळ गेल्यावर म्हणाला, "हा जाईल तेव्हा मलाच पहिलं कळेल ना, बाई? माझाच गुडघा हाय." त्याने उत्तराची अपेक्षा केली नव्हती, तरीही मी ते न दिल्याची टोचणी मला परतीच्या साऱ्या वाटेवर लागून राहिली.

चौथा दिवस: क्रीडागृह

हा प्रवास सर्वांत लहान. इमारतीचा जिना, मागचे फाटक, क्रीडागृह. चौकट प्रवेशद्वारावर टांगली होती. हार ताजा घातला होता. पहिल्या रांगेत शेठजींसाठी पांढऱ्या खोळीचा सोफा.

सावंत सर माझ्या टेबलापाशी आले. "यादी नेहमीसारखी भरून द्या, बाई," असे म्हणून ते पाण्याच्या बाटल्या मोजायला गेले. बाटल्या त्यांनी यापूर्वी कधी मोजल्या नव्हत्या.

त्यांच्या सहीचा कोरा कागद माझ्यापुढे होता. मी अकरा नावे लिहिली आणि थांबले. नियम मला पाठ होता: सामना सुरू झाल्यावर यादीत नाव घालता येत नाही. ज्याचे नाव नाही तो त्या दिवशी खेळाडू नाही. म्हणजे मी इथे थांबले, तर मेल्विनचा खेळ दोन दिवसांपूर्वीच्या उदबत्त्यांबरोबर संपला होता, आणि तो संपवणारे अक्षर माझे ठरणार होते.

शेठजींचे वाक्य मी पुन्हा तपासले. 'सात नंबर कोर्टवर उतरणार नाही.' विधान क्रमांकाविषयी आहे. त्यावरून व्यक्तीविषयी निष्कर्ष काढणारा विद्यार्थी माझ्या वर्गात नापास झाला असता. प्रत्येक संघ एक बिननावाची जादा जर्सी ठेवतो. कोणाच्या कपड्याला रक्त लागले तर बदलायला. आमची ती चव्वेचाळीस नंबरची, हरमनच्या मापाची. बाराव्या ओळीत मी मेल्विनचे नाव आणि पुढे चव्वेचाळीस लिहिले. अक्षर नेहमीपेक्षा वाईट आले. यादी पंचांच्या टेबलावर देऊन मी खेळाडूंच्या खोलीच्या दाराशी गेले आणि आत न पाहता म्हणाले, "मेल्विन, तुम्ही आज चव्वेचाळीस घाला."

तो बाहेर आला तेव्हा जर्सी त्याच्या मांड्यांपर्यंत लोंबत होती. प्रेक्षकांत हशा पिकला. फिलूमाय चौथ्या रांगेत होती. ती हसली नाही.

दुसऱ्या सत्रापर्यंत आम्ही अकरा गुणांनी मागे होतो. ज्यांनी तीन दिवस शाली स्वीकारल्या ते धावायला लागल्यावर जसे दिसतील तसेच दिसत होते. तिसऱ्या सत्रात सावंत सरांनी बाकाकडे पाहिले, छताकडे पाहिले, आणि मेल्विनला उठवले. शेठजी सोफ्यावरून थेट आमच्याकडे आले.

"सावंत, ये क्या है? नाम किसने लिखा?"

माझ्या हातातले पेन टेबलाखाली गेले. उठून 'मी' म्हणायचे होते. एक अक्षर.

सरांनी यादीची प्रत उचलली आणि डोळ्यांजवळ धरली. "सही माझी आहे, शेठ," ते म्हणाले. हे त्यांनी धैर्याने म्हटले की निव्वळ वस्तुस्थिती म्हणून, हे मला अजून ठरवता आलेले नाही. शेठजी पंचांकडे गेले. पंचांनी त्यांना सोफा दाखवला.

मेल्विन कसा खेळला हे लिहिणे भाग आहे. वाईट खेळला. गुडघा वळत नव्हता. एकदा त्याने बचावपटूच्या हाताखालून चेंडू सोडला आणि तो कड्यावर दोनदा आपटून आत पडला, तेवढेच. प्रतिस्पर्धी त्याच्या शेजारून निसटत आणि तो हातांनी अडवू पाही. एक फाऊल, दोन, तीन, चार. पाचव्या फाऊलला खेळाडू बाद होतो. शिट्टी वाजली तेव्हा त्याने स्वतःच हात वर केला आणि लंगडत, कोणाचाही आधार न घेता, रेषेबाहेर आला. सामना आम्ही नऊ गुणांनी हरलो. दोन वेळा विजेत्या संघाचा तिसरा हंगाम तिथे संपला, आणि लाउडस्पीकरवर लगेच आभारप्रदर्शन सुरू झाले.

मी नोंदी पूर्ण करत असताना मेल्विन आईला घेऊन टेबलापाशी आला.

"बाई, किती?"

"सहा मिनिटं. दोन गुण. पाच फाऊल."

"दोनच?"

"दोनच."

त्याने वही स्वतःकडे वळवली आणि आपल्या ओळीवरून बोट फिरवले. "पाचवा खरंच होता? का पंचांनी मला बाहेर काढायचा म्हणून दिला?"

तो प्रसंग माझ्यासमोर, चार हातांवर घडला होता. खोटे बोलणे सोपे होते. दयेचेही ठरले असते.

"होता. तुम्ही त्याच्या मनगटावर मारलंत."

"म्हणजे पाचही माझेच."

"पाचही."

"मग ठीक हाय," मेल्विन म्हणाला. त्याने वही माझ्याकडे वळवून ठेवली आणि तो शेठजींच्या सोफ्याकडे, बस झालं हे सांगायला, निघाला.